मुखवट्यांच्या पेटीतलं पाकीट

आमच्या घरात संशय घ्यायचं खातं माझ्याकडे आहे. दूध पातळ का लागतंय, गॅस इतक्या लवकर कसा संपला, बेल वाजवून कोण पळालं, सगळं मीच शोधून काढते. मुलगा म्हणतो, आई, तू पोलिसात असतीस तर अर्धं उज्जैन आत असतं. मी म्हणते, उरलेल्या अर्ध्याची मला खात्री नाही.

तर सांगायचं ते असं, की त्या वर्षी श्रावणापासून माझा संशय माझ्याच नातीवर होता.

पोरगी सोळा वर्षांची, अकरावीत. दोन वर्षं तिचा चेहरा पुटकुळ्यांनी भरलेला. नुसत्या पुटकुळ्या नाहीत, गालावर मोठे मोठे लाल फोड, एक बसला की दुसरा तयार. शाळेत जाताना तोंडाला ओढणी गुंडाळायची, धुळीचं निमित्त सांगून. मी माझे सगळे उपाय केले. मुलतानी माती, कडुलिंबाचा पाला, जायफळ उगाळून. राखाडी लेप लावून बसवली की आरशात बघून म्हणायची, "आजी, मी काय भस्म आरतीला निघाले का?" पण लावून घ्यायची बिचारी.

पाळीचंही तेच. दोन-दोन, तीन-तीन महिने पत्ता नाही, आणि आली की बारा दिवस मुक्काम. पोट धरून पडून राहायची, शाळा बुडायची. मी सूनबाईला सांगितलं होतं, आमच्याही वेळी असंच असायचं, लग्न झालं की आपोआप ठीक होतं. सून काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा तिला पटलेलं नसतं, हे मला वीस वर्षांत कळलंय.

आणि मग त्या उन्हाळ्यानंतर सगळं हळूहळू ठीक होत गेलं. गाल साफ होऊ लागले. पाळी महिन्याच्या महिन्याला, चार दिवसांत खलास. मी भजनी मंडळात सांगून टाकलं की कडुलिंबाने गुण आला. दोन बायकांना पाला पोहोचवला सुद्धा.

पण खरं सांगू, मलाच ते पचत नव्हतं. माझा पाला दोन वर्षं काही करत नव्हता, तो अचानक कसा शहाणा झाला? आणि मग एकेक गोष्ट दिसायला लागली. रोज संध्याकाळी आठ वाजता पोरीचा फोन वाजायचा. एकदाच. ती उचलायची नाही, बंद करायची आणि खोलीत जायची. दार लोटायची. दोन मिनिटांनी बाहेर. मी म्हटलं, हा कुणाचा तरी इशारा आहे. शिवाय मायलेकींची कुजबुज. मी स्वयंपाकघरात पाय ठेवला की दोघी एकदम भेंडीबद्दल बोलायला लागायच्या. एकदा चपला घ्यायला म्हणून फ्रीगंजच्या बाजारात गेल्या आणि चपला न घेता परत आल्या. "नंबर मिळाला नाही," सून म्हणाली. दोघींचाही नाही मिळाला का, असं मी विचारलं नाही. नुसतं ध्यानात ठेवलं.

मग श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मी रामघाटावर जायला निघाले होते. पदराला लावायला सेफ्टी पिन सापडेना, म्हणून तिच्या टेबलावरचा पाऊच उघडला. भैरवगढच्या छापील कापडाचा, मीच दिलेला. आत पिना होत्या, रबर होते, आणि तळाशी गोळ्यांचं एक चपटं पाकीट. पिवळ्या, मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या गोळ्या. प्रत्येक गोळीच्या मागे इंग्रजीत वाराची अक्षरं आणि एका गोळीकडून दुसरीकडे जाणारा बाण. माझी शाळा आठवीला सुटली, पण वार वाचता येतात. रविवारपर्यंतची घरं रिकामी होती. सोमवारची गोळी जागेवर, संध्याकाळची वाट बघत.

आठच्या फोनचा अर्थ मला तिथल्या तिथे लागला. पण गोळी कसली, ते कळायला हवं होतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान आहे. तिथे मी गेले नाही. तो दुकानदार मला चांगला ओळखतो. दरवर्षी महालक्ष्म्यांच्या आधी मी त्याच्याकडून तारीख पुढे ढकलायच्या गोळ्या आणते, सुनेसाठी. आमच्याकडे महालक्ष्म्या तीन दिवस बसतात, सोवळ्याचा स्वयंपाक, त्यात सूनच बाजूला बसली तर करणार कोण? त्यामुळे केवडा, सोळा भाज्या, कापसाची वस्त्रं आणि तारखेच्या गोळ्या, हे सगळं एकाच यादीत असतं. दुकानदार चिठ्ठीही मागत नाही. "आ गई महालक्ष्मी, माताजी?" म्हणतो आणि काढून देतो.

म्हणून त्याला टाळून मी ई-रिक्शा केली आणि देवास गेटला गेले. बसस्टँडच्या गर्दीत कोण कुणाला ओळखतंय. तिथल्या एका दुकानात पाकीट पदराआडून काढून दाखवलं.

"भैया, ये काहे की दवाई है?"

त्याने उलटसुलट करून पाहिलं, मग मला पाहिलं. "ये तो बच्चा रोकने की गोली है, अम्मा. किसके लिए चाहिए?"

"हमारी कामवाली की है," मी म्हटलं. तोंडातून कसं निघालं माहीत नाही.

"तो एक पैकेट दे दूँ?"

"नहीं," मी म्हटलं, आणि पाकीट घेऊन घाटावर न जाता घरी आले. येताना रस्ताभर मला वाटत होतं की रिक्शावाल्याला पण कळलंय.

आता तुम्ही म्हणाल, सरळ विचारायचं. पण विचारणार काय? आणि खरं उत्तर आलं तर करायचं काय? मुलाला सांगितलं असतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. सुनेवर तर माझा आधीपासून संशय, ती सामील नसेल कशावरून. मी माझं ठरवलं. पाकीट परत ठेवायचंच नाही. ज्याचं आहे तो शोधत येईल, तेव्हा बघू.

लपवायला जागा एकच होती. महालक्ष्म्यांचे मुखवटे ज्या लाकडी पेटीत वर्षभर कापसात गुंडाळून असतात, तिला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. कपाटावरून पेटी उतरवली, दोन्ही मुखवट्यांच्या मधल्या कापसात ते पाकीट खुपसलं आणि झाकण लावलं. ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोघी बघत होत्या. मी त्यांना म्हटलं, सांभाळा.

त्या संध्याकाळी आठला फोन वाजला. मी दिवाणखान्यात वाती वळत बसले होते. पोरगी आत गेली. खण उघडल्याचा आवाज, पिशवी उलटी केल्याचा आवाज. मग बाहेर आली.

"आजी, माझ्या पाऊचमधून काही घेतलंस का?"

"सेफ्टी पिन घेतली," मी म्हटलं.

"आणखी काही?"

"आणखी काय असतं त्यात?"

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. "काही नाही," म्हणाली आणि गेली. झालं, मला वाटलं, चोराच्या घरी चोरी झाली तर तो काय ठाण्यात जाणार आहे?

त्या गुरुवारी तिची पाळी आली. महिना काही संपला नव्हता, पण ते माझ्या डोक्यात आलं नाही. थोडंसं आहे म्हणाली आणि कोचिंगला गेली. थोडंसं म्हणता म्हणता दहा दिवस झाले. मग दोन दिवस थांबलं. महालक्ष्म्या यायच्या दिवशी ती न्हाऊन, साडी नेसून तयार होती. आमच्याकडे घरातली मुलगी मुखवटा हातात घेऊन दारातून आत येते, कुंकवाच्या पावलांवरून. पाच वर्षांची होती तेव्हापासून तीच आणते. मी ताटातला मुखवटा सुनेच्या हातात दिला.

"या वर्षी तू आण."

"का, आजी?" पोरीने विचारलं. मागून हळू आवाजात, घंटा हातात घेऊन.

"मोठी झालीस आता," मी म्हटलं.

ती घंटा वाजवत राहिली. तिचा रंग उतरलेला होता, ओठ पांढरट. माझ्या डोळ्यांना दिसत होतं, पण मनाने, ते दहा दिवसही बहाणाच धरून, त्याचा वेगळाच अर्थ लावला. तो अर्थ मी इथे लिहीत नाही, तुम्हाला कळला असेल.

दुसऱ्या दिवशी पूजेची सकाळ. पुरण शिजत होतं, सोळा भाज्यांपैकी अकरा झाल्या होत्या. सून आतून आली आणि म्हणाली, "आई, तिला परत सुरू झालंय. फार जातंय." आणि माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मला वाटलं, चला, म्हणजे तसलं काही नाही तर. मला बरं वाटलं. पोरगी तिकडे भिंतीला धरून चालत होती आणि मला इकडे बरं वाटत होतं.

मग न्हाणीघरापाशी धप्प आवाज झाला.

आम्ही दोघी धावलो. पडली होती, शुद्धीवर होती, पण डोळे कुठेतरी लागलेले. सुनेने तिचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी शिंपडलं. पोरगी म्हणाली, "मम्मी, गोळ्या हरवल्या. पंधरा दिवस झाले. कोचिंगमध्ये पडल्या वाटतं. तू कामात होतीस. मला वाटलं, सण झाला की सांगू."

"हरवल्या? आणि दुकानातून का नाही आणल्यास?"

"मी एकटी कशी मागू तिथे?"

सुनेने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी सोवळ्यातच स्टूलवर चढले, कपाटावरची पेटी काढली. मुखवटे तर बाहेर मांडले होते, आत नुसता कापूस होता. त्यातून पाकीट काढून तिच्या हातात दिलं.

वीस वर्षांत ती माझ्याशी आवाज चढवून बोलली नव्हती, तेव्हाही चढवला नाही. "आई, हे डॉक्टरांनी दिलंय. सोनोग्राफी केली, रक्त तपासलं, तेव्हा दिलंय. तिच्या अंगात हार्मोन्सचा गोंधळ आहे, त्याने पाळी बिघडते आणि तोंडावर फोड येतात. दोन्हीला एकच दवाई."

"पण ही तर मुलं न होण्याची..."

"त्यासाठीही घेतात. आणि महालक्ष्म्यांच्या नावाने तुम्ही मला आणून देता ती कशाची असते? तीही हार्मोनचीच. दरवर्षी डोकं फुटेस्तोवर दुखतं माझं. एका वर्षी दोन दिवस उलट्या झाल्या, तरी मी पुरणपोळ्या लाटल्या. तेव्हा तुम्ही कुणाला नाही विचारायला गेलात, ही गोळी कसली म्हणून."

"मला सांगितलं का नाही?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर गुरुवारी भजनात गेलं असतं."

कडुलिंबाचं तर गेलंच होतं.

सुनेने डॉक्टरीणबाईंना फोन लावला, त्यांनी ताबडतोब या म्हटलं. मुलगा केळीची पानं आणायला गेला होता, तो पानांसकट सरळ दवाखान्यात येतो म्हणाला. गॅस बंद केला, खालच्या मजल्यावरच्या वहिनींना महालक्ष्म्यांपाशी बसवलं, आणि निघालो. तिन्ही दिवस दिवा राखायचा असतो, ते त्यांनी राखलं. नैवेद्य त्या वर्षी संध्याकाळी पाचला दाखवला.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, हसऱ्या. मला हसऱ्या डॉक्टरांचा संशयच येतो. त्यांनी पोरीला तपासलं, सलाईन लावायला सांगितलं, रक्त काढून घेतलं. मग म्हणाल्या, मधेच गोळ्या सुटल्या की असं होऊ शकतं, आणि हिच्यात मुळातच रक्त कमी.

मी म्हटलं, "डॉक्टर साब, इतनी छोटी लड़की को ये गोली? नुकसान नहीं करती?"

मला वाटलं उडवून लावतील. पण त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "आपका पूछना ठीक है, माताजी. ज़्यादातर लड़कियों को कुछ नहीं होता. पर कुछ बातें देखनी पड़ती हैं. माइग्रेन तो नहीं, बीपी तो नहीं. और सबसे बड़ी बात, घर में किसी को नस में खून का थक्का तो नहीं जमा. मैंने पहले दिन पूछा था."

"हाँ, मैंने बताया था, किसी को नहीं," सून म्हणाली.

माझा डावा पाय खुर्चीखाली होता. तो मी आणखी आत घेतला.

आता हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. धाकट्या मुलीच्या वेळी मी बाळंतीण होते, विसावा दिवस असेल, माझा डावा पाय मांडीपासून सुजला. दगडासारखा. इंदूरला नेलं. नसेत रक्ताची गुठळी झालीय म्हणून तिथल्या डॉक्टरांनी पोटात इंजेक्शनं दिली, सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या. निघताना माझ्या नवऱ्याला बजावलं, या बाईला हार्मोनची कोणतीही गोळी कधी द्यायची नाही. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, घरात लग्नाच्या दोन मुली आहेत, हे बाहेर बोलायचं नाही. विचारलं तर सांगायचं, वाताने पाय धरलाय. मी तेच सांगत आले. पुढे जन्मभर तारखेची गोळी कधी घेतली नाही, महालक्ष्म्यांत बाजूला बसले, सासूबाईंची बोलणी खाल्ली. नणंदांची लग्नं झाली, त्यांना नातवंडं झाली, सासूबाई गेल्या, नवरा गेला. आणि मी अजून वाताचंच सांगत होते. इतकं, की मलाच खरं वाटायला लागलं होतं.

"मुझे हुआ था," मी म्हटलं.

सून वळली. दारात मुलगा उभा होता, हातात केळीची पानं. डॉक्टरीणबाईंचं हसू गेलं. त्यांनी एकेक विचारलं: कोणता पाय, कधी, दवाई किती दिवस, आणखी कुणाला. मी सगळं सांगितलं. त्यांनी ते पाकीट उचललं आणि आपल्या खणात टाकलं.

"ये बंद. जब तक पूरी जाँच न हो जाए, ये नहीं. माताजी, ये बात मुझे पहले दिन पता चलनी चाहिए थी."

"बहू को मालूम नहीं था," मी म्हटलं. "किसी को मालूम नहीं था."

मुलगा म्हणाला, "आई, मलापण आज कळतंय." पानं त्याने टेबलावर ठेवली, मग उचलली, मग परत ठेवली.

परत येताना आम्ही तिघी एका ई-रिक्शात, मुलगा मागून स्कूटरवर. पोरीच्या हाताला सलाईनची पट्टी. जरा तरतरी आली होती. ती म्हणाली, "आजी, तुला नक्की काय वाटलं होतं?"

मी बाहेर बघितलं.

"ती गोळी कसली, हे तुला कळलं कुठून?"

"देवास गेटला विचारलं."

"देवास गेटला? मग कुणाची म्हणून सांगितलं?"

"कामवाल्या मावशींची."

"मावशींना पणतू झालाय, आजी."

सून तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघायला लागली. तिचे खांदे हलत होते. मी पोरीला म्हटलं, "माझं चुकलं. मुखवटा तुझ्या हातात द्यायला हवा होता." उद्या पाठवणीला मुखवटे कोण उतरवणार, असं तिने विचारलं. मी म्हटलं, तू. ती म्हणाली, पण माझी तर पाळी आहे. मी म्हटलं, माहीत आहे मला. सुनेने हे ऐकलं, पण मान वळवली नाही. दुसऱ्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य झाल्यावर पोरीनेच दोन्ही मुखवटे उतरवले आणि कापसात गुंडाळले. पेटीत हात घालून तिने आधी तळ चाचपून बघितला. मी ते बघितलं, हे तिनेही बघितलं.

त्यानंतर माझं रक्त तपासायला गेलं, मुलाचं गेलं, पोरीचं गेलं. मुलाचं आणि पोरीचं ठीक आलं. माझ्यात काहीतरी निघालं, त्याचं नाव लांबलचक आहे, सुनेने कागदावर लिहून देवघराशेजारी फ्रिजवर चिकटवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रिपोर्ट ठीक असला तरी या पोरीला ती जुनी गोळी नको. दुसरी दिली, तिच्यात तो धोका नाही म्हणतात. तोंडावरच्या फोडांसाठी वेगळं मलम. फोड थोडे परत आलेत. ती आता ओढणी गुंडाळत नाही.

पुढच्या भाद्रपदाच्या यादीतून मी तारखेची गोळी काढली. सून म्हणाली, "आणि नेमकी तारीख आली तर?"

"तर तुझा नवरा करेल पूजा," मी म्हटलं. "त्याची कुठे तारीख असते?"

गल्लीतला दुकानदार अजून विचारतो, या वर्षी गोळ्या नाही नेल्या, माताजी? माझा त्याच्यावर आता वेगळा संशय आहे, की आणखी किती घरांत न विचारता देतो.

आणि संध्याकाळी आठला फोन वाजतो तो वाजतोच. पोरगी आता आत जात नाही. माझ्यासमोर पाकीट काढते, वार वाचून दाखवते, गोळी घेते. मग सोफ्यावर बसून पाय माझ्या मांडीवर टाकते. मी अंगठ्याने पोटरी दाबून बघते, इंदूरच्या डॉक्टरांनी माझी बघितली होती तशी. खड्डा पडतो का, गरम लागते का, एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड दिसतो का.

"आजी, ही गोळी वेगळी आहे. डॉक्टर म्हणाल्या ना, याच्याने तसं होत नाही."

"त्या म्हणाल्या," मी म्हणते. "डावा झाला. उजवा दे."